कोंडू नका, आणि झाकूही नका

पत्र

ताई, मी नागपूरच्या मानेवाडा भागात राहते. वय ४०. आमचे हे बुटीबोरीच्या एका कंपनीत ऑपरेटर आहेत. लग्नाला २१ वर्षं झाली. आधी सणासुदीला, लग्नाकार्यात घ्यायचे. लॉकडाऊननंतर रोजचं झालं. आता रात्री अद्धा लागतो. दोन-तीन महिन्यांपासून सकाळी ड्यूटीवर जायच्या आधी पण घेऊन राहिले, नाही तर हात इतका थरथरतो की चहाची बशी धरवत नाही.

पोळ्याच्या करीला मित्रांसोबत बसले आणि येताना गाडीवरून पडले. हनुवटीला चार टाके पडले. मी सुपरवायझरला फोन करून सांगितलं, व्हायरल ताप आहे. असे किती फोन केले या वर्षात, माझे मलाच आठवत नाही. बचत गटातून उचललेले ४० हजार यांच्या उधाऱ्या फेडण्यात गेले. पाटल्या गहाण आहेत. सासूबाई म्हणतात, ‘पुरुष माणूस हाय, पेतेच. तू बोंबलू नको, चार लोकांत इज्जत जाते आपली.’

दोनदा माझ्यावर हात उचलला. सकाळी विचारलं तर म्हणतात, मी असं केलंच नाही, तू खोटं बोलते. रात्री तळपायाची आग होते म्हणून मोरीत पाय भिजवत बसतात. झोप येत नाही म्हणून मेडिकलमधून गोळ्या आणतात.

मुलगी दहावीला आहे. बाबांनी खाली गाडीचं स्टँड लावलं की त्या आवाजावरून ती सांगते, आज किती झाली. मग वही उचलून आतल्या खोलीत जाते. मुलगा १९ चा आहे. त्याच्या पँटच्या खिशात झिपवाली छोटी पुडी सापडली. म्हणतो मित्राची आहे. रात्र-रात्र जागतो, जेवत नाही.

माझ्या बहिणीनं एक पावडर आणून दिली आहे. भाजीत कालवायची, माणसाला कळत पण नाही म्हणते. आणि घरच्यांनी ठरवलं आहे की घटस्थापनेला कोराडीच्या देवीसमोर यांना शपथ घ्यायला लावायची आणि नऊ दिवस वरच्या खोलीत कुलूप लावून ठेवायचं. नऊ दिवस निघाले की सुटते म्हणतात. ताई, पावडर देऊ का? नऊ दिवसांत सुटेल का? आणि माझं चुकलं कुठं?

— मानेवाड्याची एक बहीण

उत्तर

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्हाला सगळ्यात जास्त टोचत असणार, हे मला कळतं. त्यावर येतेच. पण आधी कुलपाचं बोलू द्या, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

त्यांना कोंडू नका. नऊ दिवस नाही, दोन दिवसही नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. १९९१ साली महाल भागातल्या आमच्या जुन्या घरात माझ्या थोरल्या भावाला असंच माडीवरच्या खोलीत ठेवलं होतं. बाबांनी आणि काकांनी मिळून ठरवलं. दोघांचा हेतू चांगलाच होता. मी तेव्हा बारावीत होते, ताट घेऊन वर जायचं काम माझं. पहिल्या दिवशी दादाचे हात थरथरत होते आणि बनियान घामानं चिंब झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यानं ताटाला हात लावला नाही. तिसऱ्या रात्री तो भिंतीवरच्या मुंग्या झटकत होता. भिंतीवर एकही मुंगी नव्हती. मग तो आमच्या वारलेल्या आजीशी बोलायला लागला आणि घरातल्या मोठ्यांची खात्री पटली की ही बाहेरची बाधा आहे. सकाळी कोणाला तरी बोलावून उतरवून घ्यायचं ठरलं. पहाटेपर्यंत त्याला दोनदा फिट आली. दवाखान्याच्या पायरीशी रिक्षा थांबली तेव्हा तो गेलेला होता. २९ वर्षांचा होता.

पुढे कितीतरी वर्षं आम्ही पाहुण्यारावळ्यांना सांगत राहिलो की दादा काविळीनं गेला.

त्या मुंग्यांना डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे, डिलिरियम ट्रेमेन्स. का होतं ते समजून घ्या, म्हणजे घरच्यांनाही समजावून सांगता येईल. चढावर भरलेली बंडी ओढणारा बैल डोळ्यांसमोर आणा. सगळं अंग पुढे झोकून तो ओढत असतो. दारू मेंदूला रोज मागे, गुंगीकडे ओढते. म्हणून मेंदू उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो, जागं राहण्यासाठी, सावध राहण्यासाठी. वर्षानुवर्षं तो असा पुढे झुकून चालतो. आता कोणी मागचा दोर एकदम तोडला तर बैल तोंडावर आपटणारच. दारू एका दिवसात बंद केली की मेंदूचं तेच होतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात, ताप चढतो, वार-तारीख-माणसं ओळखू येत नाहीत. सगळ्यांनाच इतकं होत नाही. पण सकाळी घेतल्याशिवाय ज्याचा हात थांबत नाही, तो माणूस या धोक्याच्या रेषेवरच उभा आहे. तुमचे हे तिथे आहेत.

म्हणून उपचार सुरू होईपर्यंत बाटली हिसकावू नका, ओतून देऊ नका, ‘आजपासून बंद’ असा हट्ट धरू नका. दारू सोडवायला बसलेली बाई हे काय सांगते, असं वाटेल तुम्हाला. पण ती बंद करायची जागा दवाखाना आहे, वरची खोली नाही. तिथे फिट येऊ नये म्हणून औषध देतात आणि ते रोज थोडं थोडं कमी करत नेतात. बंडी ढकलत सपाटीला आणायची आणि मग बैल सोडायचा, असं ते काम. साधारण आठवडा-दहा दिवस लागतात.

कोराडीच्या देवीच्या शपथेला मी नाही म्हणत नाही. शपथेत बळ असतं, विशेषतः आपल्या गावात हे कोणाला वेगळं सांगायला नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी बाबासाहेबांच्या मागे बावीस प्रतिज्ञा म्हटल्या, त्यात ‘मी दारू पिणार नाही’ ही एक होती. त्या शब्दावर पिढ्यान्पिढ्या कोरडी राहिलेली घरं मी पाहिली आहेत. पण शपथ मनानं घ्यायची असते आणि थरथरणाऱ्या शरीराला ती पाळता येत नाही. आधी शरीर सावरू द्या. मग देवीकडे तुम्ही दोघं मिळून जा.

आता पावडर. ती फेकून द्या, आजच. पाकीट तेवढं ठेवा.

पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल, तर तुम्ही नवऱ्याला काय खायला घालताय हे तुम्हालाही माहीत नाही. त्यात डायसल्फिरम निघालं तर काय होतं ते ऐका. हे औषध खरं आहे, डॉक्टर देतातही. ते पोटात असताना दारू घेतली की दारूचं पुढे नीट पचन होत नाही आणि अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विष अंगात साचतं. चेहरा लालबुंद होतो, काळीज धडधडतं, उलट्या होतात, बीपी धाडकन खाली येतं. काही जण दगावतात. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम राहू शकतो. म्हणून डॉक्टर ते माणसाला सगळं समजावून, त्याची संमती घेऊन, यकृताची तपासणी करूनच देतात. ज्याला माहीतच नाही की आपल्या भाजीत काय आहे, तो रात्री अद्धा लावणारच. मग काय झालं ते डॉक्टरलाही कळणार नाही, कारण भाजीचं कोणी सांगणार नाही.

झोपेच्या गोळ्यांचंही तसंच. अल्प्राझोलमसारखी गोळी आणि दारू मेंदूच्या जवळपास त्याच जागी काम करतात. दोन्ही एकत्र झाल्या तर झोपेत श्वास मंदावत मंदावत थांबू शकतो. आणि रोजची गोळी अचानक बंद केली तरीही फिट येऊ शकते. म्हणजे गोळ्याही तुम्ही लपवून ठेवायच्या नाहीत. किती दिवसांपासून, रोज किती, हे कागदावर लिहून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

तळपायांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण माझी नजर तिथेच अडकली. दारू पिणारा माणूस जेवत नाही, आणि जे थोडं खातो त्यातलं बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, दारू अंगात नीट शोषू देत नाही. शिवाय दारूचा स्वतःचाही मार नसांवर बसतो. नसा सुकत जातात आणि त्याची सुरुवात पायांकडून होते. मोरीतल्या गार पाण्यानं घटकाभर बरं वाटतं, एवढंच. हेच बी-वन फार कमी झालं तर मेंदूला मार बसतो: चाल अडखळते, डोळे एका जागी ठरत नाहीत, माणूस गोंधळतो, आणि वेळेत इंजेक्शन मिळालं नाही तर आठवण कायमची जाऊ शकते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. करीच्या दुसऱ्या दिवशी बरेच लोक जवळच्या डॉक्टरकडे जाऊन ‘अशक्तपणा आहे’ सांगतात आणि ग्लुकोजचं सलाईन लावून घेतात. उपाशी, रोज पिणाऱ्या माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर हाच आजार उसळू शकतो. डॉक्टरला खरं कळलं तर तो आधी थायमिन देईल. पण आपण सांगतो, ताप आहे.

आणि इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं.

ताई, त्यांच्या हातात ग्लास तुम्ही दिला नाही. तुमच्या स्वयंपाकामुळे, बोलण्यामुळे, माहेरामुळे कोणी पीत नाही. हे तुम्ही मनातून कायमचं काढून टाका, सासूबाईंनी काहीही म्हटलं तरी. पण एक काम तुम्ही वर्षानुवर्षं करत आलात, आणि आमच्या घरानंही केलं होतं. तुम्ही झाकत आलात. सुपरवायझरला ताप, शेजारणीला ‘पाय घसरला’, माहेरी ‘सगळं ठीक’, बचत गटाच्या बायांना ‘पोराची फी भरायची आहे’. प्रत्येक वेळी तुम्ही घर वाचवायलाच हे केलंत. पण झालं असं की पिण्याची किंमत त्यांच्यापर्यंत कधी पोचलीच नाही. गेला तो तुमचा गळ्यातला-हातातला ऐवज, आणि झोप उडाली ती तुमची. त्यांना मात्र रोज सकाळी घर जागच्या जागी दिसतं.

केंद्र सरकारच्या २०१९ सालच्या देशव्यापी पाहणीत आढळलं की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. बाकीचे ३७ कुठे असतात? मला तर वाटतं, तुमच्या-माझ्या घरांसारख्या घरांत, कोणत्या ना कोणत्या तापाच्या नावाखाली.

‘सकाळी म्हणतात, मी केलंच नाही’, असं तुम्ही लिहिलंत. तुम्हाला वाटतं ते खोटं बोलतात. कधी बोलतही असतील. पण जास्त दारू झाली की मेंदूचा आठवण नोंदवणारा भाग काम थांबवतो. माणूस चालतो, बोलतो, भांडतो, गाडीही चालवतो, पण त्यातलं काही नोंदलं जात नाही. सकाळी त्यांच्यासाठी ती रात्र घडलेलीच नसते. म्हणून रात्रीच्या रात्री भांडण्यात काही अर्थ नाही, ते दगडावर पाणी. बोलायचं तर सकाळी, एखाद्या सुट्टीच्या दिवशी, ते त्यातल्या त्यात भानावर असताना, आणि हात अगदीच थरथरत नसताना. मुलं समोर नकोत. रडणं नको, जुनं उगाळणं नको. नुसतं घडलं तेवढं सांगा: ‘तुमाले आठवत नाई, पण मले आठवते. परवा रात्री तुम्ही माझा हात पिरगाळला. पोरगी पाहात होती. तुम्हाले आजार झाला आहे आणि मी आता तो लपवणार नाई. सोमवारी आपण दवाखान्यात जाऊन राहिलो.’ एवढंच. पुढे त्यांनी कितीही शब्द टाकले तरी तुम्ही वाढवायचं नाही. ते लगेच हो म्हणणार नाहीत. आठवड्यानं पुन्हा तेच, त्याच आवाजात सांगायचं.

सुपरवायझरचा फोन यापुढे तुम्ही करायचा नाही. त्यांना द्या आणि म्हणा, तुम्हीच बोला. नोकरी जाईल ही तुमची भीती खोटी नाही. पण विचार करा, आत्ता काय चाललं आहे? अद्धा म्हणजे ३७५ मिलिलिटर, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल धरलं तर जवळजवळ १२५ ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅमच निकामी करू शकतं, रोज पिणाऱ्याचं थोडं जास्त. थंड पाण्यानं आंघोळ केली, लिंबू चाखलं, काळा चहा प्यायला म्हणून त्याचा वेग वाढत नाही. रात्री अकराला बाटली संपली असेल तर सकाळी सातला वर्धा रोडला लागताना दारू रक्तात असणारच, आणि त्यावर सकाळचा घोट. गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. पहिल्याच वेळी पकडले गेले तर १० हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. हे झालं कायद्याचं. तेच हात पुढे आठ तास मशीनवर असतात. आज हनुवटीला टाके पडले, उद्या बोटं जाऊ शकतात. आजारपणाची रजा मागणं त्यापेक्षा कितीतरी बरं. त्यांचं ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड असेल आणि वर्गणी नियमित भरली जात असेल, तर डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. कार्ड काढून ठेवा, त्यावर विचारून घ्या.

बचत गटातून आता एक रुपयाही उचलू नका. बारवाल्याची, मित्रांची उधारी मागायला कोणी दारात आलं तर सांगा, ज्यानं घेतली त्याच्याकडे जा. पाटल्या सोडवायच्या असतील तर तुमच्या नावानं सोडवा आणि घरात ठेवू नका.

कुठे जायचं? मेडिकल आणि मेयो, या दोन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार विभाग आहे, मिहानमधल्या एम्समध्येही आहे. छिंदवाडा रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव ऐकूनच आपल्याकडे लोक दचकतात. १८६४ पासूनची ती संस्था आहे, आणि ‘तिकडे नेलं’ ही नागपुरात शिवी होऊन बसली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्हाला जे जवळ आणि सोयीचं, तिथे जा. ओपीडीत स्पष्ट सांगा: रोज अद्धा, सकाळी घोट, झोपेच्या गोळ्या, भरती करून घ्या. जाण्याआधी कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची. ते तयार नसले तरी तुम्ही एकट्या जाऊन डॉक्टरला भेटू शकता. घरच्या माणसानं आधी येणं ही तिथे रोजची गोष्ट आहे.

एक सावधगिरी. ‘फोन करा, आमची गाडी येऊन उचलून नेईल’ असं सांगणारी केंद्रं असतात. रात्री चार माणसं येतात, हातपाय धरून नेतात, महिनाभर कोणाला भेटू देत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जच्या गैरवापरातून होणाऱ्या अवस्था मानसिक आजारात धरल्या आहेत. म्हणजे अशा केंद्राला नोंदणी हवी, रुग्णाला साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे, आणि संमतीशिवाय भरती करायची तर डॉक्टरांनी तपासून, कायद्यातल्या पद्धतीनंच करावी लागते. नोंदणीचा कागद मागा. डॉक्टर रोज येतो का, पहिल्या आठवड्यात औषध कोण देतं, घरच्यांना कधी भेटता येतं, हे विचारा. जो उत्तर टाळतो त्याच्याकडे माणूस सोपवू नका.

आठवड्या-दहा दिवसांत शरीर सुटतं. तलफ त्यानंतरही महिनोन्‌महिने येते, विशेषतः संध्याकाळी सातला, पगाराच्या दिवशी आणि पुढच्या करीला. ती कमी करणारी औषधं आहेत, नॅल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट. डॉक्टर बघून देतील. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा नागपुरात होतात. तिथे फी नाही, आडनाव कोणी विचारत नाही, आणि समोर बसलेला माणूस यातूनच गेलेला असतो. कुटुंबातल्या माणसांसाठी अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे, तिची चौकशी तिथेच करा, स्वतःसाठी. आणि मधे कधी ते घसरले, पुन्हा प्यायले, तर ‘सगळं वाया गेलं’ म्हणून हात झटकू नका. शुगरवाल्याची साखर वाढली तर आपण गोळी बदलून घ्यायला जातो, तसंच लगेच डॉक्टरकडे जायचं.

हात उचलण्याबद्दल मात्र माझ्याकडे वेगळी भाषा आहे. दारू हा आजार आहे, मारणं हा गुन्हा आहे. पहिल्यासाठी दवाखाना, दुसऱ्यासाठी ११२. महिला हेल्पलाइन १८१ आहे, बायकांच्या तक्रारींसाठी पोलिसांचा भरोसा सेल आहे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं तुम्हाला त्याच घरात सुरक्षित राहण्याचा हक्क दिला आहे. तुमची, मुलीची कागदपत्रं, थोडे पैसे आणि एक-दोन कपडे एका पिशवीत भरून ज्या शेजारणीवर विश्वास आहे तिच्याकडे ठेवा. रात्री आवाज चढला की वाद न घालता मुलीला घेऊन तिच्याकडे जायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

मुलाचं. रात्र-रात्र जागणं, भूक मरणं, त्यात जबडा सारखा घासणं, उगाच संशय, मधेच दोन दिवस मेल्यासारखं झोपणं असेल, तर एमडीची शंका घ्यायला हवी. एमडी म्हणजे मेफेड्रोन. नागपुरात ही पावडर पोरांच्या हाती लागते आहे हे तुम्ही पेपरात वाचतच असाल. दारूच्या उलट ती काळीज पळवते, झोप-भूक तोडते, आणि उतरली की माणूस इतका खचतो की पुन्हा घेतल्याशिवाय उभं राहवत नाही. काहींना कोणी तरी मागावर असल्याचे भास होतात, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येतात. पुडीत नक्की काय आहे ते बघूनच कळत नाही, म्हणून आरोप करू नका. वडिलांसमोर हा विषय काढू नका. त्याला एकट्याला म्हणा, माझ्यासोबत डॉक्टरकडे चल, मी पोलिसांत जाणार नाही. तुमच्या मनात पोलिसांची भीती असेल तर हे ऐका: एमडी २०१५ पासून अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली आहे, पण त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, जो स्वतः व्यसनी आहे, ज्याचा गुन्हा थोड्याशा प्रमाणापुरता किंवा सेवनापुरता आहे आणि जो आपणहून सरकारमान्य ठिकाणी पूर्ण उपचार घेतो, त्याला खटल्यातून सूट दिली आहे. विकणाऱ्यांच्या नादी तो लागायच्या आत त्याला न्या. तिकडे उशीर करू नका.

मुलीबद्दल लिहिताना माझा हात जड होतो. मीही कान देऊन बसायची. आमच्याकडे गाडी नव्हती, दादा लाकडी जिना चढायचा, आणि कितव्या पायरीवर त्याचा पाय अडतो त्यावरून मला कळायचं. पुस्तक उघडं असायचं, अक्षर एक दिसायचं नाही. तिला बसवून तीन गोष्टी सांगा. हे तुझ्यामुळे नाही. थांबवणं तुझं काम नाही. आणि हे घराबाहेर कोणाला सांगितलं तर तू घराची इज्जत घालवलीस असं होत नाही. वर्गशिक्षिकेला तुम्ही स्वतः जाऊन सांगा. दहावीचं वर्ष आहे, संध्याकाळी सात ते दहा तिला अभ्यासाला मामाकडे किंवा मैत्रिणीकडे बसता येईल का ते बघा. मला तेव्हा कोणी असं उचलून दुसरीकडे बसवलं असतं तर किती बरं झालं असतं, असं आजही वाटतं.

सासूबाईंना इज्जतीची काळजी आहे. त्यांना माझ्या दादाची गोष्ट सांगा. माझ्या आईलाही इज्जतीचीच काळजी होती. अंगणात लोक जमले तेव्हा तिनं पहिलं वाक्य काविळीचंच बोललं होतं.

घटस्थापनेची वाट पाहू नका. त्याआधीच त्यांना सुटी पडेल तो दिवस धरा. मधल्या काळात फिट आली, ते असंबद्ध बोलायला लागले, तापानं फणफणले, रक्ताची उलटी झाली किंवा काळी शौच झाली, तर शपथ, मुहूर्त, कोणाचं काय म्हणणं, काही बघू नका. १०८ ला फोन करा आणि अ‍ॅम्ब्युलन्समधल्या माणसाला पहिलं वाक्य हेच सांगा: हे रोज दारू पितात.

दवाखान्यात जाताना पिशवीत झोपेच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं घ्या, आधार आणि ईएसआयचं कार्ड घ्या, बहिणीची ती पावडर एकदाही दिली असेल तर तिचं पाकीट घ्या. डॉक्टर हात, डोळे, पोट तपासतील. तळपायांचं ते स्वतःहून सांगणार नाहीत, ते तुम्ही सांगा.